निर्माल्यात गेलेली किल्ली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या गाडीची एकुलती एक किल्ली निर्माल्यात बांधून देऊन टाकली, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले.

बाळांनो, तिकडे हे वाचताना तुम्ही हसणार, मला माहीत आहे. आजीच्या डाळींच्या डब्यांवर नावं असतात, औषधांच्या डब्यांवर वार असतात. दाराजवळच्या लाकडी पट्टीवर सहा खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याखाली कोणती किल्ली तिथे लटकते याची चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्यातला ‘गाडी’ लिहिलेला खिळा सोमवारी सकाळी रिकामा होता. पेट्रोल भरायला निघाले होते, पर्स खांद्याला होती, चपला पायात होत्या. मी त्या खिळ्याकडे पाहत उभी राहिले आणि हळूहळू सगळं आठवत गेलं.

दसऱ्याला आपण कामाच्या वस्तूंची पूजा करतो. तुमचे आजोबा होते तेव्हा पाटावर त्यांचे पाने, हातोडी, तेलाची डबी असायची. ते कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळायचे. आता मी माझं लाल शाईचं पेन, शब्दकोश, विळी, कात्री आणि गाडीची किल्ली ठेवते. वर झेंडूची फुलं, आपट्याची पानं, हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन पेनाच्या जागी गेलं, विळी स्वयंपाकघरात गेली, कात्री डब्यात गेली. उरलेली फुलं मी वर्तमानपत्रावर गोळा केली, चारही कोपरे नीट आत मुडपले, वरून सुतळी बांधली आणि निर्माल्याची गाडी आली तेव्हा पुडा हातात दिला. किल्ली त्या फुलांखाली होती. इतकी व्यवस्थित बांधून मी ती देऊन आले की वाटेत कुठे पडली असेल, एवढीही आशा नव्हती.

एरवी मी स्वतःवर हसले असते. पण त्या आठवड्यात गाडी हवीच होती, कारण गुरुवारी मोठ्या आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. ती अमडापूरला असते, तुमच्या चुलतकाकांजवळ. तिचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला आहे. उजव्यात मोतीबिंदू होता आणि तो इतका पिकला होता की भाकरी तव्यावर टाकताना ती हाताने तवा चाचपायची. इथल्याच, खामगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आता थांबू नका. आतला दाब वाढला तर हाही डोळा हातचा जाईल.” तारीख दोनदा ठरली होती. पहिल्यांदा तिने पोळ्याचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा पितृपक्षाचं. तिसऱ्यांदा ती हो म्हणाली ते एका अटीवर. मी स्वतः आपल्या गाडीतून न्यायचं. दुसऱ्या कुठल्याही गाडीत ती बसणार नव्हती. भाड्याच्या गाड्यांच्या काचा बंद असतात, आत थंड हवा सोडतात, आणि त्यात तिला पोटात ढवळतं. आपल्या जुन्या गाडीची काच हाताने फिरवून खाली करता येते, आणि मी चाळीसच्या वर जात नाही.

सोमवारी आधी मी निर्माल्य टाकतात तिथे गेले. गावाबाहेर खत करण्याचा मोठा खड्डा आहे. तिथे झेंडूचा ढीग माझ्या डोक्याएवढा उंच होता. राखणीला एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांना मी किल्लीबद्दल विचारलं.

“हे पाहा बाई,” ते ढिगाकडे हात करून म्हणाले, “याच्यातून देवाचे फोटो निघतात, नारय निघतात. परवा एका बाईचं जोडवं निघालं. तुमची चाबीबी निघन. पन कवा, ते नोका विचारू.”

“अंदाजे?”

“खत झाल्यावर. उन्हाया लागला की.”

मी घरी आले आणि मोठ्या आजीला फोन लावला. किल्ली गेल्याचं सांगितलं नाही, फक्त चाचपून पाहिलं. “जाऊबाई, समजा गुरुवारी मी दुसरी एखादी गाडी सांगितली तर? चांगली मोठी, आरामाची?”

“काऊन? तुह्या गाडीले काय झालं?”

“काही नाही. सहज विचारलं.”

“सहज विचारत नाई तू. गाडी नसन तं राहू दे बाप्पा. दिवाळीनंतर पाहू.”

“दिवाळीनंतर नाही चालणार, डॉक्टर म्हणालेत ना?”

“डाक्टरले काय, त्याले रोज एक डोया पाह्यजेच. तू येशीन तं येतो मी. नाई तं माह्या घरी मले समदं दिसते.”

तुम्हाला सांगते, इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘येतो, जातो’ असंच म्हणतात. लग्न होऊन मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून या घरात आले तेव्हा मला वाटायचं की जाऊबाई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत.

तुमचे चुलतकाका तिला मोटरसायकलवर आणू शकले असते, पण ऑपरेशननंतर मोटरसायकलवर परत कसं नेणार? शिवाय सोयाबीन काढणी चालू होती. मळणीयंत्राची पाळी त्यांना गुरुवारचीच मिळाली होती. म्हणजे गाडी, आणि ती चालवणारी मी. दुसरा मार्ग नव्हता. दुसरी किल्ली का नव्हती, तेही सांगून टाकते. ती आजोबांच्या खिशातून वरवट बकालच्या शेतावरच्या विहिरीत पडली, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

मंगळवारी सकाळी चाबीवाल्याकडे गेले. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. बाहेर पत्र्याची हातभर लांब किल्ली टांगलेली असते आणि आत एका माणसापुरतीच जागा. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. मी सगळं सांगितलं, निर्माल्यासकट. ते हसले नाहीत. बहुधा लोक याहून विचित्र ठिकाणी किल्ल्या घालवत असावेत.

“जुनी चाबी नाही, दुसरी नाही,” ते म्हणाले. “मंग हातानं कराची म्हटलं तं अंदाजानं घासत बसा लागते. त्यात दोन-चार कोऱ्या चाब्या वाया जातात. अन् मॅडम, तुमच्या मॉडेलच्या कोऱ्या चाब्या आता येतच नाहीत. माह्यापाशी दोनच पडल्या हायेत.” त्यांनी एका खोक्यातून त्या काढून दाखवल्या. पातळ, चकचकीत, दात नसलेल्या.

“मग आता?”

“कुलूप खोलून नागपूरले पाठवू. आठ-दहा दिवस धरा. नाई तं चाबीचा नंबर हाये का? गाडीच्या पह्यल्या चाबीवर बारीक नंबर राह्यते. तो असन तं मशीनवर दहा मिनिटांत कापून देतो.”

नंबर होता! मला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं, इतकं हायसं वाटलं. विहिरीतला तो प्रकार झाल्यावर आजोबांनी उरलेल्या किल्लीवरचा नंबर त्यांच्या डायरीत टिपून ठेवला होता. ते गेल्यावर मी त्यांच्या सगळ्या डायऱ्या बसून वाचल्या आणि कामाच्या नोंदी माझ्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवल्या. गॅसचा क्रमांक, मीटरचा क्रमांक, गाडीच्या किल्लीचा क्रमांक. मी रिक्षाने घरी गेले, रजिस्टर काढलं, पान सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. फोनवरून चाबीवाल्यांना नंबर वाचून दाखवला. थ्री झिरो एट टू.

दुपारी ते स्कूटरवरून घरी आले. किल्ली इतकी सुंदर कापली होती की नव्या गाडीचीच वाटावी. त्यांनी ती गाडीच्या दारात घातली. आत गेली. फिरवली. फिरली नाही. त्यांनी ती बाहेर काढली, फुंकली, पुन्हा घातली, बोटांनी अगदी हलकेच दाबून पाहिली, जोर मात्र केला नाही.

“हे या कुलपाची चाबी नाई,” ते म्हणाले.

“नंबर बरोबर आहे. मी स्वतः लिहिलाय.”

“तुम्ही लिवला तं बरोबरच असन मॅडम. पन कुलपाले तो पटून नाई राह्यला.”

त्यांनी ती किल्ली माझ्या हातावर ठेवली. “आता एकच कोरी चाबी उरली. ते मी अशीच नाई कापत. नंबर कुठून घेतला, ते पाहा. खात्री झाली की या.”

ते गेले. मी माळ्यावरची पेटी खाली काढायला शेजारच्या सूनबाईंना बोलावलं आणि आजोबांच्या डायऱ्या पलंगावर ओतल्या. चौथ्या डायरीत ते पान सापडलं. वर बियाण्याच्या पिशव्यांचा हिशेब, खाली कोणाच्यातरी लग्नाची तिथी, आणि मध्ये त्यांच्या तिरप्या अक्षरात ‘चाबी नं.’ आणि पुढे आकडा. मी चष्मा पुसला, खिडकीजवळ गेले, भिंग आणलं. थ्री झिरो एट टू. माझ्या रजिस्टरात होता तोच.

म्हणजे नंबर बरोबर होता आणि किल्ली लागत नव्हती. मग याचा अर्थ एवढाच की आजोबांनीच चुकीचा टिपला होता, आणि आता त्यांना विचारता येणार नव्हतं. बुधवार मध्ये होता. गुरुवारी सकाळी दहाला रुग्णालयात हजर व्हायचं होतं. डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलावी असं दोनदा मनात आलं. पण मोठ्या आजीला ‘पुढची तारीख’ म्हणणं म्हणजे पुन्हा दिवाळी, मग लग्नसराई, मग उन्हाळा. आणि तो दाब काही दिवाळीची वाट पाहणार नव्हता.

बुधवारी दुकान उघडायच्या वेळेला मी डायरी घेऊन पोचले. वाद घालायला गेले होते, खरं सांगते. नंबर चुकलेला नाही, मशीन चुकतं आहे, असं मला त्यांना दाखवायचं होतं.

“हे बघा,” मी पान उघडून समोर धरलं. “माझ्या मिस्टरांच्या हातचं आहे. नंबर तोच.”

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचलं, “तीन शून्य चार दोन.”

“एट,” मी म्हणाले. “थ्री झिरो एट टू.”

“कुठला एट? चार हाये हा.”

“अहो, तो आठ आहे. वर तोंड जरा उघडं राहिलंय, एवढंच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डायरीकडे. मग टेबलावरच्या कागदावर पेन्सिलीने सावकाश एक आकडा काढला. खाली गाठ, वर दोन उघडे हात. मराठी चार.

“मॅडम, साहेबांनी मराठीत लिवलं हाये.”

बाळांनो, तुम्ही मराठी आकडे शिकला होता, आता विसरला असाल, म्हणून समजावून सांगते. तीन दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखा दिसतो. शून्य तर सारखंच. दोनही घाईत लिहिला तर सारखाच. फक्त चार वेगळा. मराठीतला ४ घाईत लिहिला की इंग्रजी 8 ची उघडी बहीण होतो. चार आकड्यांपैकी तीन मला इंग्रजी वाटले, मग चौथ्यालाही मी इंग्रजीच केलं. एकदा नव्हे, दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर भिंग घेऊन.

“मी बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या,” मी म्हणाले.

“तेच तं झालं,” चाबीवाले म्हणाले. आता मात्र ते हसत होते. “इंग्रजीच्या वह्या तपासल्या असन. आमी नगरपालिकेच्या शाळेतले. आमाले पाचवीपर्यंत आठ एकच माहीत होता, मराठी, तो कसाबी काढला तरी असा नाई दिसत.”

आजोबांची एक सवय मला माहीत होती, पण तिचा अर्थ मी कधी नीट लावला नव्हता. बँकेचं, सरकारचं, पत्त्याचं काही असलं की ते इंग्रजी आकडे लिहीत. घरातलं काही असलं, दुधाचा रतीब, तुमच्या बाबांची उंची, विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, की मराठी. गाडीची किल्ली त्यांनी घरातल्या गोष्टींत धरली होती. मी ती कागदपत्रांत टाकली. तिथे उभ्या उभ्या मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं प्रेम वाटलं, की मी डायरी मिटून छातीशी धरली आणि चाबीवाल्यांना म्हणाले, “कापा.”

“शेवटची हाये मॅडम.”

“कापा. तीन शून्य चार दोन.”

मशीनचा आवाज फार वेळ नसतो. दातदुखीच्या डॉक्टरांकडे असतो तसा, पण आखूड. मग त्यांनी कानस घेऊन कडा दोन-तीनदा पुसल्या, किल्ली अंगठ्यावर फिरवून पाहिली आणि दुकानाची फळी खाली ओढली. “चला, मी येतो. नाई लागली तं तुमी एकट्या काय करसान?”

घरी आलो. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. “तुमीच लावा.”

मी दाराला लावली. फिरवली. आतून तो टक् आवाज आला, जो मी इतकी वर्षं रोज ऐकत होते आणि कधीच ऐकला नव्हता. मग आत बसून चालू करून पाहिली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. बॉनेटवरचा दसऱ्याचा हार सुकला होता, तो थरथरायला लागला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. चाबीवाले खिडकीतून म्हणाले, “मॅडम, रडू नोका, बंद करा आधी, पेट्रोल काट्याले नाई,” आणि आम्ही दोघंही हसलो. मी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. नव्या कोऱ्या चाब्या मागवून आणखी एक करून देतो, असं ते म्हणाले. रजिस्टरात मी चुकीची नोंद खोडली आणि नवी अक्षरी लिहिली, तीन, शून्य, चार, दोन. आता ती कोणी कुठल्याही भाषेत चुकवून दाखवावी.

गुरुवारी सातला निघाले. अमडापूरला पोचले तेव्हा मोठी आजी ओट्यावर बसली होती. इस्त्रीचं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी, जणू खामगावात अन्न मिळत नाही. गाडीचा आवाज ओळखून ती उठली आणि हात पुढे केला. तिच्या डोळ्यासमोर नुसतं धुकं होतं. मी तिला समोरच्या सीटवर बसवलं, काच पूर्ण खाली केली.

वाटेत मी तिला सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं आता काही नव्हतं. सोयाबीनच्या गंजींवर ऊन पडलं होतं, रस्त्यावर भुसा उडत होता. ती ऐकत होती आणि तिचं पोट हलत होतं.

“म्हंजे देवाले चाबी देल्ली तू?”

“हो.”

“गाडी नाई देल्ली? चाबीच?”

“चुकून हो, जाऊबाई.”

“मंग देव काय करन? निस्ती चाबी घेऊन बसन,” असं म्हणून ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग थोड्या वेळाने, पुढे बघत, म्हणजे पुढे तोंड करून, ती म्हणाली, “मले वाटलं होतं, तू येत नाई. सोमवारी तुहा आवाज बरा नव्हता. मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो.”

“आणि आता?”

“आता काय. बसलो ना गाडीत.” तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. तिचा हात गार होता. तेव्हा मला समजलं की पोळा, पितृपक्ष, बंद काचा, ही सगळी तिच्या भीतीची नावं होती. मी चाळीसची पस्तीस केली.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. डोळ्यावर पट्टी बांधून तिला माझ्याकडे आणलं. त्या दिवशी ती पूर्ण आंधळी होती. एक डोळा गेलेला, दुसरा बांधलेला. मी तिला हाताने भरवलं, आणि तिने प्रत्येक घासाला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. शुक्रवारी सकाळी पट्टी काढायला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला, समोर बोटं धरली.

“किती, आजी?”

“तीन.” मग जरा थांबून, “नख वाढलं हाये तुमचं.”

डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं. सगळं ठीक होतं. दाब ठीक, डोळा ठीक. बाहेरच्या बाकावर मी बसले आणि सोमवारपासून पहिल्यांदा खांदे खाली सोडले. परतीला गाडीपर्यंत तिनेच माझा दंड धरून मला नेलं. पायरी आहे, असंही तिनेच सांगितलं.

घरी आल्यावर ती काळा चष्मा लावून दिवाणखान्यात मधोमध उभी राहिली. माझ्या घरी ती चाळीस वर्षं येते आहे, पण अलीकडची किती वर्षं तिने ते नुसतं चाचपून ओळखलं असेल कोण जाणे. तिने हळूहळू मान फिरवली. भिंती, पडदे, पुस्तकांचं कपाट, किल्ल्यांची पट्टी. मग मान वर केली आणि बराच वेळ छताच्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, तिला भरून आलंय.

“अवं,” ती म्हणाली, “तुह्या घरात जाये किती वं!”

मी वर पाहिलं. कोपऱ्यात खरोखरच जाळं होतं, चांगलं मोठं, जुनं. मला ते आजवर दिसलं नव्हतं. मी लांब दांड्याचा झाडू आणला. ती खाली खुर्चीवर बसून बोट दाखवत राहिली, इथं, तिकडं, पंख्यामागं, आणि मी, तुमची टापटिपीची आजी, स्टुलावर चढून एकेक जाळं काढत होते आणि इतकी हसत होते की दोनदा तोल गेला.